पंखेकाकांचे तारे

पंखेकाकांना पंख्यातलं फारसं काही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोटाळा होतो. त्यांचा खरा धंदा ढेकूण मारण्याचा.

आता तुम्ही म्हणाल, मग पंखा कुठून आला? तर त्याचं असं आहे. माणसाला ताप आला तर तो दहा जणांना सांगतो. मूळव्याध झाली तर निदान डॉक्टरच्या कानात तरी सांगतो. पण घरात ढेकूण झाले तर सख्ख्या भावालाही सांगत नाही. रात्रभर खाजवेल, सकाळी लाल डोळ्यांनी कामाला जाईल, आणि कुणी विचारलं तर म्हणेल, "उकाडा फार झालाय हो." त्यामुळे ढेकूण मारणारा माणूस दारात उभा राहिलेला कुणालाच परवडत नाही. काकांनी हे ओळखलं आणि धंद्याच्या पहिल्या दिवसापासून एक शक्कल लढवली. वाफेचं यंत्र, बॅटरी, गादीच्या शिवणीतून फिरवायची पातळ पट्टी, फवारा, सगळं सामान ते पंख्याच्या एका जुन्या खोक्यात घालून न्यायचे. जिन्यात शेजारीण भेटली की खोकं जरा पुढे करायचे. "पंखा बसवायला आलोय."

हळूहळू गिऱ्हाइकंही तीच भाषा बोलायला लागली. फोन यायचा, "पंखेकाका, आमचा पंखा आवाज करतोय."

"किती पंखे?"

"एक तर नक्की आहे. पाहुण्यांच्या खोलीतल्याचीही शंका येते."

"खोलीतलं काही बाहेर काढू नका. उद्या येतो."

एकदा एका म्हाताऱ्या कारकुनाचा पंखा खरोखरच बिघडला. त्यानं कुणाकडून तरी नंबर घेऊन फोन केला. काका गेले ते थेट पलंगाकडे, गादी उभी केली आणि बॅटरी लावून शिवणी तपासायला लागले. म्हातारा बराच वेळ गप्प बघत राहिला. शेवटी म्हणाला, "अहो, पंखा वर आहे!" काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाले, "आधी खालची हवा बघावी लागते." त्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून आयुष्यातला पहिला पंखा उघडला, धूळ पुसली, तेल घातलं, आणि देवाच्या कृपेनं तो फिरला. म्हातारा इतका खूश झाला की पुढे प्रत्येक पंख्याला त्यांनाच बोलावू लागला. काका झक मारत जायचे. नाही म्हणणार कसं? नाही म्हटलं तर सगळ्या गिऱ्हाइकांचं बिंग फुटायचं.

दर कामाच्या आधी एक प्रश्न ठरलेला असायचा. घरातली बाई किंवा बुवा दार लोटून घेऊन हळूच विचारायचे, "कुणाला कळणार नाही ना?" आणि काका छातीवर हात ठेवून म्हणायचे, "या कानाचं त्या कानाला कळणार नाही." एवढं एक वाक्य. ढेकूण मारणारे ढिगानं होते, पण लोक काकांना बोलवायचे ते या वाक्यासाठी.

लॉजवाल्या वहिनींनीही ते ऐकलं होतं. बसथांब्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोजक्या खोल्यांचं लॉज होतं. नवरा गेल्यावर वहिनी एकट्याच चालवत होत्या. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, बहिरी सासू. कुण्या पाहुण्याच्या बॅगेतून ढेकूण आले आणि कोपऱ्यातल्या खोलीत पसरले. काकांनी पलंगाचा एकेक स्क्रू काढून आत वाफ मारली, भिंतीच्या भेगा बुजवल्या, पुन्हा आले, पुन्हा तपासलं, आणि खोली अगदी निर्मळ करून दिली. निघताना वहिनी दारातच उभ्या होत्या.

"पंखेभाऊ, एका खोलीत एक ढेकूण निघाला असं कळलं ना, की लोकांच्या लेखी सगळं लॉजच ढेकणांचं. माझं दार बंद होईल. सासूबाईंना घेऊन मी कुठे जाऊ?"

"वहिनी, या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

वर्षं गेली. काकांनी शब्द पाळला. घरी बायकोलाही कधी सांगितलं नाही की आज कुणाकडे गेलो होतो. काकू चिडायच्या, "जगाचे नवरे बाहेरच्या गोष्टी घरी सांगतात. माझा नवरा म्हणजे मुकी पेटी."

मग गावात एक कंपनी आली. गणवेशातली पोरं, आणि गाडीवर हे एवढं मोठं ढेकणाचं चित्र! काका पोट धरून हसले. "असली गाडी दारात कोण उभी करून घेणार?" पण नवी माणसं वेगळी निघाली. ती फोनमध्ये बघायची, कुणाला किती तारे आहेत, आणि तारे बघून बोलवायची. कंपनीच्या नावापुढे ताऱ्यांची रांग. काकांच्या नावापुढे अमावस्या. त्यांचा फोन दिवसदिवस वाजेना. एकदा तर त्यांनी स्वतःच काकूंच्या फोनवरून आपला नंबर लावून बघितला, चालू आहे की नाही म्हणून.

काकू म्हणाल्या, "तुमचं कौतुक करणारे आहेत खूप. पण सगळे तोंडाला चिकटपट्टी लावून बसलेत. ती तुम्हीच लावलीत."

लेकीचा नवरा, म्हणजे आपले जावईबापू, दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत कामाला. त्यांना हे कळलं आणि त्यांच्या अंगात उत्साह संचारला. जावयाचा उत्साह आणि आलेली शिंक, दोन्ही थोपवता येत नाहीत.

"मामा, सोपं आहे. जुन्या गिऱ्हाइकांना ईमेल टाका. विनंती करा, रिव्ह्यू लिहा म्हणून. लिंक मी देतो. त्यांनी नुसतं दाबायचं आणि तारे द्यायचे."

"अहो, पण ढेकूण झाले होते असं कोण लिहील?"

"खरं नाव द्यावंच लागत नाही हो मामा. टोपणनाव चालतं. कुणाला कळायचं कारणच नाही."

हे काकांना पटलं. गेली कित्येक वर्षं ते बिलं ईमेलनंच पाठवायचे, 'पंखा दुरुस्ती' अशा नावानं, त्यामुळे पत्ते फोनमध्ये होतेच. जावईबापूंनी मजकूरही लिहून पाठवला, मोठा गोड मजकूर. "ढेकणांच्या त्रासातून आपली कायमची सुटका झाली, याचा आम्हाला आनंद आहे. आपला अनुभव चार शब्दांत लिहावा ही नम्र विनंती." आणि खाली लिंक. फोन ठेवता ठेवता ते घाईघाईत म्हणाले, "आणि मामा, पत्ते सगळ्यात खालच्या कप्प्यात टाका हं, वरच्या नको. मी लिफ्टमध्ये शिरतोय..." आवाज तुटला.

काकांनी दुपारी चष्मा लावला आणि बैठक मारली. पाहतात तर पत्त्यांसाठी खरोखरच एकाखाली एक कप्पे. आणि इथे घात झाला. काका मानपान जाणणारा माणूस. कुणाच्या घरी गेलं तरी ज्येष्ठांना आधी नमस्कार, पाटावर आधी पाहुणा. ते स्वतःशीच म्हणाले, "गिऱ्हाइकाला सगळ्यात खालच्या कप्प्यात टाकायचं? तिथे तर माणूस चपला ठेवतो."

काकूंनी आतून आठवण केली, "जावईबापू खालच्या म्हणाले ना?"

"त्यांना काय कळतंय? ज्यांच्या जिवावर आपण जेवलो त्यांना तळाला बसवू?"

मग त्यांनी सगळे पत्ते वरच्या कप्प्यात घातले, आणि तेही कसेबसे नाही, मानाप्रमाणे. आधी दाताचे डॉक्टर. मग निवृत्त मुख्याध्यापिका. तिसऱ्या नंबरावर लॉजवाल्या वहिनी, कारण एकटीच्या हिमतीवर व्यवसाय चालवणारी बाई म्हणजे काकांच्या मनात मोठी. मग शिंपी, मग बाकीचे. एकदा चूक वाटली म्हणून दोन नावं खालीवर केली. समाधान झाल्यावर बोटानं बटण दाबलं आणि म्हणाले, "आता चहा टाक."

चहाला उकळी यायच्या आत फोन गुरगुरला. पहिलं उत्तर शिंप्याचं. त्यानं ते सगळ्यांनाच पाठवलं होतं.

"डॉक्टरसाहेब, आपलं नाव इथे पहिल्या नंबरावर बघून आनंद झाला. आपण मला जुना सोफा दिलात, तेव्हाच मनात आलं होतं, इतका चांगला सोफा डॉक्टर का काढतायत."

काका वाचत राहिले. शिंप्याला डॉक्टरांचं नाव दिसलं कसं? तेवढ्यात डॉक्टरांचं उत्तर, तेही सगळ्यांना. "सोफा स्वच्छ होता. तुमच्या दुकानात गावभरचे कपडे येतात, हे लक्षात घ्या." मग शिंप्याचं, "माझ्या कपड्यांना इस्त्री असते साहेब, तुमच्या सोफ्याला नव्हती." मग तिसऱ्याच कुणाचं तरी, "अरे वा, म्हणजे आपण सगळे एकाच पंख्याखाली!" फोन टेबलावर थरथरत पुढे सरकत होता आणि काका त्याच्याकडे असे बघत होते, जसा माणूस हातातून सुटलेल्या बैलाकडे बघतो.

जावईबापूंचा फोन आला. काकांनी कौतुकानं एक प्रत त्यांनाही पाठवली होती. "मामा, तुम्ही वरच्या कप्प्यात टाकलेत!"

"मानाचा कप्पा म्हणून..."

"अहो, वरच्या कप्प्यातलं सगळ्यांना दिसतं! खालचा झाकलेला असतो, म्हणून तर सांगितलं."

"मग परत घ्या ना ते."

"आता नाही घेता येत, मामा."

काकांना हे खरंच वाटेना. तरुणपणी त्यांनी रागाच्या भरात मेहुण्याला एक जहाल पत्र टाकलं होतं. पेटीत पडताक्षणी पश्चात्ताप झाला, तेव्हा ते पेटीपाशी उन्हात बसून राहिले आणि पोस्टमन आला तसे त्याचे पाय धरले. पोस्टमननं आधी नियम सांगितला, मग पत्र दिलं. पोस्टमन हा माणूस होता. इथे पाय धरायचे तर कुणाचे? जावयाला दोन शब्द सुनवावेत, तर चूक आपली, आणि आपली नसती तरी तो जावई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बसवेना म्हणून ते उठले. घरोघर जाऊन सांगायचं, तो ईमेल वाचू नका, पुसून टाका. काकू म्हणाल्या, "वाचू नका म्हटलं की मेलेला माणूसही उठून वाचेल." पण ऐकतंय कोण.

मुख्याध्यापिकाबाई दारातच भेटल्या. त्यांनी आयुष्यात स्वतःहून ईमेल उघडला नव्हता.

"बाई, माझा एक ईमेल आलाय. तेवढा वाचू नका."

"ईमेल? मला? थांबा, चष्मा आणते."

"नको नको, चष्मा नको!"

बाईंनी चष्मा आणला, भाच्याकडून ईमेल उघडून घेतला आणि वर्गात वाचतात तसा खणखणीत आवाजात, सगळ्या नावांसकट वाचून काढला. जिन्याच्या तिन्ही मजल्यांनी ऐकला. "छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एक स्वल्पविराम चुकलाय."

त्यानंतर काकांनी घरोघर जाणं सोडलं. एकच दार राहिलं होतं. तिकडे मात्र जावंच लागणार होतं.

वहिनी गच्चीवर चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. चिमटे लावत लावत म्हणाल्या, "वाचला मी."

"वहिनी, माझ्या हातून..."

"माझं नाव तिसरं कसं हो, पंखेभाऊ?"

"मानाप्रमाणे लावली होती."

वहिनींनी चादरीची कड सरळ केली. "एवढा मान नको होता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काका तिथेच उभे राहिले, मग उगाच एक चिमटा उचलून दिला. वहिनींनी तो घेतला.

पुढचं सगळं काकांच्या डोळ्यांदेखत झालं. दाताच्या डॉक्टरांकडे लांबून लांबून पेशंट यायचे, आणि डॉक्टर त्यांना मुक्कामाला वहिनींकडेच पाठवायचे. कवळी बसवायची तर दोनचार दिवस राहावं लागतं. लॉजचा अर्धा संसार त्या कवळ्यांवर. आता डॉक्टर म्हणू लागले, "तिथे नको. दुसरं बघा." स्वतःच्या सोफ्यावरचा आळ उडवायला त्यांना दुसरं कुणीतरी हवंच होतं. शिंप्याच्या दुकानात दिवसभर माणसं बसायची, माप देता देता बातमी घेऊन जायची. कंपन्यांचे फिरते विक्रेते वर्षानुवर्षं वहिनींकडेच उतरायचे. ते आले, बॅग न टेकवता उभ्याउभ्याच पलंगाकडे बघायला लागले, आणि "अचानक काम निघालं" म्हणून गेले.

काका डॉक्टरांना जाऊन म्हणाले, "साहेब, त्या खोल्या तुमच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ आहेत." डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझ्या दवाखान्यात आहेत असं म्हणायचंय का तुम्हाला?" आणि बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काका माफी मागत उलट्या पावली बाहेर आले.

मग त्यांना एक विचार सुचला. त्यांना तो इतका आवडला की बऱ्याच दिवसांनी चेहरा उजळला. "मीच तिथे राहायला जातो. चार दिवस. ढेकणांचा कर्दनकाळ स्वतः ज्या गादीवर झोपतो, तिथे ढेकूण असतील का? लोक बघतील आणि समजतील."

"लोकांना समजतं तेव्हा काय होतं ते बघितलंत ना?" काकू म्हणाल्या. तरी त्यांनी कपडे भरून दिले. बॅगेची चेन तुटलेली, म्हणून दोन सदरे, टॉवेल आणि दाढीचं सामान त्यांनी हाताशी होतं त्या पंख्याच्या खोक्यात घातलं.

काकांनी वहिनींकडे कोपऱ्यातलीच खोली मागून घेतली. वहिनी आधी नको म्हणाल्या, मग किल्ली दिली. खोल्या तरी रिकाम्याच होत्या. काका गाढ झोपले. सकाळी उठून टॉवेलसाठी खोकं बाहेर घेतलं आणि ब्रश तोंडात घालून रस्त्याकडच्या गॅलरीत उभे राहिले, मुद्दाम, सगळ्यांना दिसावं म्हणून. आणि दिसले. खाली फाटकात दोन विक्रेते बॅगा घेऊन उभे होते. जुने, वहिनींना मानणारे, गावातल्या गप्पा कानांवर येऊनही आलेले. वहिनी त्यांना आत घ्यायला पायऱ्या उतरत होत्या. त्यातल्या एकानं वर पाहिलं.

"ते पंखेवाले ना?"

"हो की. आणि खोकंही आहे गॅलरीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पूर्वी हा माणूस आणि हे खोकं गावात कुणाच्या नजरेत भरायचं नाही. आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पंखेवाला आला म्हणजे काय.

"अहो, मी पाहुणा आहे!" काका फेस गाळत ओरडले. "राहायला आलोय! खोक्यात माझे सदरे आहेत!" आणि पुरावा म्हणून त्यांनी एक सदरा वर काढून हलवला.

"हो, हो, असू द्या," खालचा समजुतीनं म्हणाला. "आम्ही नंतर येतो, वहिनी."

वहिनी पायरीवरच थांबल्या. फाटक वाजलं. थोड्या वेळानं त्या वर आल्या, काकांच्या हातातला सदरा घेऊन घडी करून खोक्यात ठेवला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पंखेभाऊ, तुम्ही घरी जा. तुम्ही जितकं निस्तरता ना, तितकं..." मागच्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली, "कोण आलंय गं? पाहुणे आले का?" वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "हो, आलेत." बहिऱ्या माणसाला ओरडून खोटं सांगावं लागतं. ते काकांनी जिन्यापर्यंत ऐकलं.

त्या दिवसापासून काकांनी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं ते करायची त्यांना भीती वाटायची. बसथांब्यावरून जाताना ते मागच्या गल्लीकडे बघायचे नाहीत. लॉजची पाटी उतरल्याचं त्यांना काकूंकडून कळलं. पुढच्या खोल्या कुणा गोदामवाल्याला खोकी ठेवायला दिल्या होत्या म्हणे.

आणि एका सकाळी जावईबापूंचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "मामा, उघडा उघडा! पहिला रिव्ह्यू आला! पाच तारे!"

काकूंनी आपल्या फोनवर तो उघडला, फोन लांब धरला आणि वाचून दाखवला. वर टोपणनाव नव्हतं. वहिनींनी आपलं स्वतःचं, पूर्ण नाव दिलं होतं. खाली एवढंच होतं. "काम चोख. माणूस भला. माझ्या लॉजमधले ढेकूण गेले ते परत आले नाहीत. पाहुणेही."

काकूंनी आपला फोन खाली ठेवला.

"जावईबापू," काका आपल्या फोनमध्ये म्हणाले, "हे पुसता येईल का हो?"

"पुसायचं कशाला? पाच तारे आहेत! आणि दुसऱ्यानं लिहिलेलं आपल्याला नाहीच पुसता येत."

"नाही येत," काका म्हणाले. "ते आलं आता लक्षात."

त्या एका ओळीनं काय जादू केली कोण जाणे. लोकांना ती मजेशीर वाटली, खरी वाटली. एकानं दुसऱ्याला दाखवली. दुपारपर्यंत काकांचा फोन वाजायला लागला, कधी नव्हे इतका. काकूंनी पहिला फोन उचलून त्यांच्या हातात दिला. पलीकडे एक तरुण बाई होती, दबक्या आवाजात बोलत होती, बहुतेक दार लोटून घेतलं असावं.

"ते पाच तारेवाले तुम्हीच ना? आमच्याकडे जरा... म्हणजे लहान बाळ आहे हो घरात, रात्रभर रडतं. तुम्ही आज याल का?"

"येतो," काका म्हणाले. "खोलीतलं काही बाहेर काढू नका."

"आणि काका, कुणाला कळणार नाही ना?"

काकांचा हात सवयीनं छातीवर गेला. तोंड उघडलं. ते वाक्य इतकी वर्षं न विचारता बाहेर यायचं, ते आज आलं नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबून बघत होत्या. पलीकडे बाळ रडायला लागलं होतं.

"हॅलो?" बाई म्हणाली. "काका? ऐकताय ना?"

"ऐकतोय, बाई," काका म्हणाले. "ऐकतोय."